खान्देशातून विमानाने जायचंय? अंतर आणि वेळ स्वतः कसा काढायचा

कोणाच्या पोराला बंगळुरूला नोकरी लागली किंवा लेक दिल्लीला क्लासला गेली की पहिला प्रश्न ठरलेला, "भो, विमानाने किती तास?" आणि विचारायच्या आधी गुगलवर बघून झालेलं असतंच. तिथे लिहिलेलं असतं १ तास १५ मिनिटं, मग तेच डोक्यात धरून सगळं प्लॅनिंग, सकाळी निघू, दुपारी ऑफिसला हजर होऊ वगैरे. तसं होत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारहून निघणाऱ्याच्या प्रवासात विमानातला वेळ हा बऱ्याचदा सगळ्यात छोटा तुकडा असतो, बाकीचा वेळ रस्त्यात आणि बाकड्यावर बसून जातो. घरातल्यांची आणि नातेवाईकांची तिकिटं काढून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यातून जी पद्धत बसली ती पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतोय.

१. अंतर म्हणजे कोणतं अंतर ते आधी बघा

जळगाव ते मुंबई रेल्वेने साधारण ४२० किमी. रस्त्यानेही धुळे-नाशिकवरून चारशेच्या वरच. विमानाचं अंतर मात्र ३५५ किमीच्या आसपास, कारण ते एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत सरळ मोजलेलं असतं. पृथ्वी गोल असल्याने ही सरळ रेषासुद्धा लांबच्या प्रवासात नकाशावर वाकडी दिसते, म्हणून लंडनचं विमान नकाशात उगाच वरून फिरून गेल्यासारखं वाटतं. ते फिरून गेलेलं नसतं, जवळचा रस्ताच तो आहे.

वेगवेगळ्या साइटवर अंतर थोडं वेगळं येतं, घाबरू नका. कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून. पाच-पंचवीस किमीने तुमचं काही अडत नाही.

अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. या अंतराच्या साइटवर कोणतीही दोन गावं टाका, उत्तर येतंच. धुळे ते दिल्ली टाकलं तर साधारण ८८० किमी आणि दीड तास असं काहीतरी दाखवेल, आणि माणूस खुश. अरे पण धुळ्याहून विमान आहे कुठे? गोंदूरला धावपट्टी आहे, रोजचं प्रवासी विमान नाही. त्या साइटला विमान उडतं की नाही याच्याशी देणंघेणं नाही, ती फक्त दोन ठिपक्यांमधला हिशोब करते. म्हणून असल्या साइटवरून फक्त अंतर घ्या. वेळ घेऊ नका.

स्वतः मोजायचं असेल तर गुगल मॅप्सवर गावावर बोट दाबून धरायचं, खाली अंतर मोजायचा पर्याय येतो, मग दुसऱ्या गावापर्यंत रेष ओढायची. कॉम्प्युटरवर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, तिथे विमानतळाचे तीन अक्षरी कोड टाकले की नेमकं अंतर येतं. इथेच एक सापळा आहे. जळगावचा कोड जेएलजी आणि जबलपूरचा जेएलआर. तिकीट काढताना घाईत लिस्टमधून भलतंच निवडलं जातं, तेव्हा शहराचं नाव पूर्ण वाचा मगच पैसे भरा.

२. विमानातला वेळ काढायचं साधं गणित

इंडिगो किंवा एअर इंडियाचं मोठं जेट असेल तर किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर ४० मिनिटं टाका. मुंबई-दिल्ली साधारण ११४० किमी, म्हणजे १ तास २५ मिनिटं, अधिक ४०, झाले २ तास ५ मिनिटं. तिकिटावर सव्वादोनच्या आसपास लिहिलेलं असतं, म्हणजे गणित बरोबर बसतं. मुंबई-बंगळुरू ८३५ किमी, पावणेदोन तास. हे ४० मिनिटं कशाचे, तर जागेवरून मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, मुंबईसारख्या ठिकाणी नंबर लागेपर्यंत आकाशात चकरा मारणं. तिकिटावरची वेळ ही गेट ते गेट असते, शिवाय कंपन्या त्यात थोडं जास्तीचं धरूनच ठेवतात, म्हणून कधीकधी उशिरा सुटलेलं विमानही वेळेवर पोचलं म्हणून घोषणा होते.

जळगावला जे येतं ते एटीआर, पंख्याचं. त्याचा वेग साधारण ५०० किमी ताशी, म्हणजे ८०० चं गणित तिथे लावायचं नाही. ३५५ किमीला पाऊण तास आणि वर अर्धा, म्हणजे मुंबईला सव्वा तास. हे विमान जेटपेक्षा खालून उडतं त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी जरा हलतं, पहिल्यांदा बसणाऱ्याला भीती वाटते, पण घाबरायचं कारण नाही. आईला किंवा आजीला पाठवत असाल तर आधी सांगून ठेवा एवढंच.

जाताना आणि येताना वेळ वेगळी का, हेही बरेच जण विचारतात. उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो, थंडीत उत्तर भारतावर जास्तच. म्हणून मुंबईहून लंडनला जायला येण्यापेक्षा साधारण तासभर तरी जास्त लागतो. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या कंपन्यांच्या विमानांना वळसा पडायला लागला. बालाकोटनंतर २०१९ मध्येही काही महिने असंच झालं होतं. मुंबईहून दुबईला याचा फारसा फरक पडत नाही कारण ते विमान समुद्रावरून जातं. लांबच्या प्रवासात अंतरावरून काढलेली वेळ चुकते ती अशा कारणांनी, म्हणून तिथे सरळ कंपनीच्या साइटवरची वेळ बघायची.

३. कोणतं विमानतळ धरायचं (इथेच सगळा खेळ आहे)

जळगाव, भुसावळ, जामनेर, पाचोरा वाले: पहिलं जळगावचंच बघा. शहरापासून जवळ, अजिंठा रोडकडे, गर्दी नाही, अर्ध्या तासात आत जाऊन बसता येतं. पण इथली विमानं सरकारच्या उडान योजनेवर चालतात आणि त्यांचा इतिहास तुम्हाला माहीत असायला पाहिजे. २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना उद्घाटन झालं, मुंबईची सेवा सुरू व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला, ती बंद पडली, मग २०१९ मध्ये दुसरी कंपनी अहमदाबाद-मुंबई घेऊन आली, तीही गेली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने गोवा, हैदराबाद, पुणे आणि अलायन्स एअरने मुंबई सुरू केलं. तर सांगायचा मुद्दा, मागच्या वर्षी मावसभाऊ गेला होता म्हणून या वर्षी त्याच वाराला विमान असेलच असं धरू नका. रोज नसतात, वार ठरलेले असतात आणि ते बदलतात. लग्नाची तारीख काढतो तसं आधी विमानाचा वार बघा, मग सुट्टी टाका.

जळगावचं जमत नसेल तर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे चिकलठाणा. रस्त्याने दीडशे किमीच्या वर, पहूर-फर्दापूर-अजिंठा घाट-सिल्लोड असं. मॅप तीन-सव्वातीन तास दाखवेल, तुम्ही चार धरा. रस्त्याचं काम, घाटात बंद पडलेला ट्रक, सिल्लोडचा बाजार, काहीतरी एक असतंच. त्या आठवड्यात त्या रस्त्याने गेलेल्या माणसाला फोन करून विचारणं हे मॅपपेक्षा भरवशाचं.

धुळे, साक्री, शिरपूर वाले: तुम्हाला नाशिकचं ओझर सगळ्यात सोयीचं. नाशिक शहरात जावं लागत नाही, मुंबई-आग्रा रोडवर शहराच्या अलीकडेच येतं, धुळ्याहून १४० किमीच्या आत, रस्ता चौपदरी, अडीच तासात निवांत. दिल्ली, हैदराबाद अशी विमानं तिथून मिळतात. शिरपूरवाल्यांनी इंदूरपण बघावं, तिथून बऱ्याच शहरांना विमानं आहेत आणि तिकीट कधीकधी बरंच स्वस्त पडतं. फक्त सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट लक्षात ठेवा, तिथे ट्रक अडकला की दोन-दोन तास गाडी हलत नाही. धुळ्याहून इंदूर अडीचशेच्या वर किमी आहे, तेव्हा पाच तास धरून त्यात तासभर घाटाच्या नावाने जास्तीचा टाका.

चाळीसगाववाल्यांना कन्नड घाट उतरला-चढला की संभाजीनगर. पावसाळ्यात दरड पडली तर बातमी बघून निघा.

नंदुरबार, नवापूर, शहादा: मुंबईचा विचार नंतर, आधी सुरत. ताप्ती लाइनवर नंदुरबार ते सुरत १६० किमीच्या आसपास, गाड्या भरपूर. (नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये आहे हे बाहेरच्या पाहुण्यांना नक्की दाखवा.) सुरतचं विमानतळ डुमसकडे आहे, म्हणजे स्टेशनवरून शहर ओलांडून जावं लागतं, संध्याकाळी त्यालाच तास जातो. गाडी सुरतला पोचायची वेळ आणि विमानाची वेळ यात चार तास तरी मोकळे ठेवा.

रावेर-यावलवाले इंदूर धरू शकतात, बऱ्हाणपूर-खंडवा मार्गे. पण रस्ता तुमच्या ओळखीचा असेल तरच.

४. आपण उलट्या दिशेला तर जात नाही ना?

हे कोणी बघत नाही. जळगाव ते दिल्ली सरळ अंतर साधारण ८६० किमी. मुंबई ते दिल्ली ११४०. म्हणजे आपण दिल्लीला मुंबईपेक्षा जवळ आहोत, आणि तरी विमानासाठी आधी ३५५ किमी खाली मुंबईला जातो आणि मग वर चढतो. एकूण दीड हजार किमी. पैसेपण तेवढ्याच अंतराचे जातात.

बंगळुरूचं उलट आहे. जळगावहून सरळ ८९० किमी. हैदराबादवरून गेलात तर ५०८ आणि ४५६, म्हणजे ९६५ किमीच्या आसपास, जवळजवळ वाटेवरच. मुंबईवरून गेलात तर ११९०. तेव्हा दक्षिणेकडे जायचं असेल आणि त्या वाराला हैदराबादचं विमान असेल तर आधी ते बघा, मुंबईची सवय बाजूला ठेवा. हैदराबादला विमान बदलणं मुंबईपेक्षा सोपंही आहे, एकच टर्मिनल आहे.

५. आता घरापासून घरापर्यंत मांडा

कागद घ्या आणि तुकडे लिहा. घर ते विमानतळ. विमानतळावर आधी पोचायचा वेळ. विमान. मधला थांबा. दुसरं विमान. बॅग यायला अर्धा तास. तिथून पुढे जिथे राहायचंय तिथपर्यंत.

जळगाव ते दिल्लीचं करून दाखवतो. मुंबईवरून: घरून विमानतळ अर्धा तास, तिथे सव्वा तास, विमान सव्वा तास, मुंबईत थांबा तीन तास, विमान सव्वादोन, बॅग अर्धा, मेट्रो किंवा टॅक्सीने गावात पाऊण तास. साडेनऊ तास झाले. संभाजीनगरवरून: गाडी चार तास, विमानतळावर दीड, विमान दोन, बॅग अर्धा, पुढे पाऊण. पावणेनऊ. आणि मुंबईची राजधानी जळगावला थांबते, रात्री जेवून बसलं की सकाळी दहाच्या सुमारास निजामुद्दीन, साधारण तेरा तास. म्हणजे कागदावर गाडी हरली, पण तेरातले आठ तास तुम्ही झोपेत घालवले आणि दिवस पूर्ण हातात राहिला. माझं स्पष्ट मत, जळगावहून दिल्लीला एकट्या धडधाकट माणसाने राजधानीच पकडावी, विमानाचा हट्ट करू नये. वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर संभाजीनगर. धुळेकरांचं वेगळं, त्यांना ओझरवरून हेच सव्वासात तासात होतं, तिथे विमान सरळ जिंकतं.

बंगळुरूला मात्र कर्नाटक एक्सप्रेसने जवळपास पूर्ण दिवस जातो, तिथे विमान पाहिजेच. फक्त तिथलं विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या मध्यापासून ३५ किमी, आणि ट्रॅफिक बंगळुरूचं. इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं असेल तर उतरल्यावर अडीच तास धरा, म्हणजे जळगाव-हैदराबाद उड्डाणाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ टॅक्सीत.

६. विमान बदलताना कुठे फसतात

दोन तिकिटं वेगवेगळी काढणं, हे पहिलं. जळगाव-मुंबई एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्याचं, पीएनआर वेगळे, मग पहिलं लेट झालं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीचा काही संबंध नाही, पैसे बुडाले. एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानाची सोय करणं त्यांची जबाबदारी. वेगळंच काढायचं असेल तर मध्ये देशात चार तास, परदेशासाठी सहा-सात तास ठेवा. सकाळचं पहिलं विमान चुकल्यावर दुसरं घेता येतं, रात्रीचं शेवटचं चुकलं की बाकड्यावर रात्र.

दुसरं म्हणजे विमानतळ कोणतं. मुंबईत टर्मिनल १ विलेपार्ल्याला, टर्मिनल २ सहारला, बाहेरून फिरून जावं लागतं. आणि २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचं वेगळं विमानतळ सुरू झालंय, तिकिटावर दोन्हीकडे मुंबई वाचून एकाला सहारला उतरून दुसऱ्यासाठी पनवेलकडे पळायची वेळ आणू नका. गोव्यातही दाबोळी आणि मोपा दोन आहेत, एक दक्षिणेला एक उत्तरेला, हॉटेल कळंगुटला असेल तर मोपा बरं, मडगावला असेल तर दाबोळी.

धुक्याचंही बघा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं पहाटेचं विमान घेऊ नका, दुपारचं घ्या. देशातलं अडीच तासांपर्यंतचं विमान दोन तासांच्या वर लेट होणार असेल तर खाणंपिणं द्यायचा नियम आहे आणि सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. काउंटरवर शांतपणे मागा, मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही.

७. दुबई-बिबई असेल तर घड्याळ सांभाळा

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० ला निघून दुबईत ११:४० ला उतरतो असं लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं पावणेदोन तासात दुबई. नाही, त्यात दीड तास मिळवा, ३ तास १० मिनिटं. अंतर १९३० किमी, वरच्या गणिताने बघा, बसतंय. येताना उलट, तिकिटावर साडेचार तास दिसतील पण बसायचं तीनच.

आणि सगळ्यात महागातला सापळा, रात्री बाराच्या पुढचं विमान. तिकिटावर १२ तारीख, वेळ ००:४०. याचा अर्थ ११ तारखेच्या रात्री जेवणाच्या वेळेला तुम्ही विमानतळावर पाहिजे, म्हणजे ११ ला सकाळीच जळगाव सोडायचं. आमच्या गल्लीतल्या एकाने १२ ला सकाळी सगळ्यांच्या पाया पडून, नारळ घेऊन, गाडी काढली, तेव्हा विमान दुबईत उतरून रिकामंही झालं होतं.

८. सोबत काय पाहिजे

देशात आधार किंवा कोणतंही सरकारी ओळखपत्र, नुसता फोटो नको, मूळ कार्डच सोबत ठेवा. दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला. परदेशासाठी सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट आणि व्हिसाची प्रिंट. नाव पासपोर्टवर आहे तसंच तिकिटावर टाका, आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय आहे, त्यात नाव आणि वडिलांचं नाव उलटसुलट होतं आणि परदेशाच्या काउंटरवर त्यावरून अडवतात.

फोनमध्ये कंपनीचं ॲप, गुगल मॅप्स आणि फ्लाइटरडार२४ ठेवा. शेवटच्यात तुम्हाला न्यायला येणारं विमान आत्ता कुठे आहे ते दिसतं. जळगावचं एटीआर अजून गोव्यालाच उभं असेल तर घरून निघायची घाई कशाला? पण कंपनीने लेट जाहीर केल्याशिवाय घरी थांबू नका, कारण चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी आणि गेट २०-२५ मिनिटं आधी बंद होतं ते मूळ वेळेवरच.

सामानात लोणचं, तूप चेक-इन बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. काळा मसाला कुटून दिला तर जातो, पण सुकं खोबरं वाट्यांसकट चेक-इनमध्ये टाकलं तर बॅग उघडायला लावतात, त्यात तेल असतं म्हणून ते चालत नाही. बिबडे आणि केळीचे वेफर्स बिनधास्त. वजन बघा, साधारण १५ किलो, आणि आईने भरलेली बॅग कधीच १५ ची नसते.

९. परत येताना

जायचं सगळे नीट ठरवतात आणि परतीचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून रात्री साडेदहाला उतरणारं घेतात. संभाजीनगरला त्या वेळी उतरून अजिंठा घाटातून मध्यरात्री गाडी चालवू नका, तिथेच मुक्काम करा किंवा दुपारचं विमान घ्या, हॉटेलचे आणि स्वस्त तिकिटाचे पैसे जवळपास सारखेच पडतात. मुंबईला उतरून रेल्वेने यायचं असेल तर गाडी एलटीटीची (कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी) बघा, विमानतळाहून कुर्ला जवळ पडतं, कल्याण गाठायला ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास. विमान उतरायची वेळ आणि गाडीची वेळ यात तीन तास ठेवा आणि तिकीट कन्फर्मच काढा, ऑनलाइन काढलेलं वेटिंग चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, पैसे खात्यात येतात पण तुम्ही बॅगा घेऊन कुर्ल्यालाच राहता.